डायनो वाढवले की ‘कनेक्शन स्लॉट संपले’: हेरोकूवर प्रत्येक डिप्लॉयला परत येणारी अडचण

हेरोकू ही अ‍ॅप चालवून देणारी क्लाउड सेवा, आणि अ‍ॅप ज्या छोट्या कंटेनरमध्ये चालतं तो डायनो. तिथल्या एका नेहमीच्या अडचणीची लक्षणं साधारण अशी असतात. रोजच्या वापरात अ‍ॅप व्यवस्थित चालतं. गर्दी वाढणार म्हणून वेब डायनो चारचे सहा केले, किंवा भर दुपारी नवीन कोड डिप्लॉय केला, की तीन-चार मिनिटं ५०० नंबरच्या चुकांचा पाऊस पडतो. लॉगमध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसकडून ‘फेटल: रिमेनिंग कनेक्शन स्लॉट्स आर रिझर्व्ड’ किंवा ‘टू मेनी कनेक्शन्स फॉर रोल’ अशा ओळी येतात, सोबत राउटरचे एच१२ (वेळेत उत्तर आलं नाही, ही चूक). मग सगळं आपोआप शांत होतं. आपोआप शांत होतं म्हणूनच ही अडचण महिनोन्महिने टिकते. कोणी तरी डायनो रीस्टार्ट केलेले असतात आणि रीस्टार्टमुळेच सुटलं असं सगळ्यांना वाटतं.

मूळ कारण गर्दी हे नसतं. प्रत्येक डायनो डेटाबेसची ठरावीक कनेक्शनं स्वतःकडे धरून ठेवतो, आणि डेटाबेसची मर्यादा मात्र डायनो वाढवल्याने वाढत नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस चालते. म्हणून प्लॅननुसार आकडा बांधलेला असतो: हेरोकू पोस्टग्रेसच्या इसेन्शियल-० ला २०, स्टँडर्ड-० ला १२०.

आत्ता साइट पडलेली असेल तर

आधी हेरोकूच्या कमांड लाइनवर ‘पीजी:इन्फो’ चालवा. कनेक्शन्सच्या ओळीत ‘११९/१२०’ असं काही दिसलं तर निदान पक्कं. ‘पीजी:पीएसक्यूएल’ने आत शिरण्याच्या फंदात लगेच पडू नका. त्यालाही एक स्लॉट लागतो, आणि तोच शिल्लक नसतो. ‘पीजी:किलऑल’ ही कमांड हेरोकूच्या एपीआयमधून सगळी कनेक्शनं तोडते, त्यामुळे स्लॉट भरलेले असतानाही ती चालते. चालू असलेली ट्रान्झॅक्शनं त्यात रद्द होतात, तेव्हा मोठं इम्पोर्ट चालू असेल तर आधी विचार करा. त्याहून सौम्य उपाय म्हणजे वर्कर डायनो (रांगेतली कामं मागे करत राहणारे) थोड्या वेळासाठी शून्यावर आणणं. रांगेतली कामं रेडिसमध्ये पडून राहतात, वेबला मात्र लगेच श्वास घेता येतो.

याच वेळी वेब डायनो आणखी वाढवू नका. एच१२ पाहून हात आपसूक तिकडेच जातो, आणि जळत्यात तेल पडतं.

चूक कुणाची आहे: डेटाबेसची की पूलची?

पूल म्हणजे प्रत्येक प्रोसेसने पुन्हा पुन्हा वापरायला उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा. इथे घाई नडते. दोन चुका दिसायला सारख्या आहेत, पण त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

पहिली चूक डेटाबेस देतो. ‘फेटल’ने सुरू होणारी ओळ, एसक्यूएलस्टेट ५३३००. म्हणजे सगळ्या डायनोंनी मिळून मर्यादा संपवली. इथे पूल लहान करायचा असतो.

दुसरी चूक तुमच्या अ‍ॅपमधली लायब्ररी देते. रेल्समध्ये (रुबीचं वेब फ्रेमवर्क) ‘कनेक्शनटाइमआउटएरर’, पाच सेकंदांत पूलमधून कनेक्शन मिळालं नाही. पायथनच्या एसक्यूएलअल्केमीत ‘क्यूपूल लिमिट ऑफ साइझ ५ ओव्हरफ्लो १० रीच्ड’. डेटाबेसकडे जागा भरपूर असते, पण त्या एका प्रोसेसमधले थ्रेड पूलपेक्षा जास्त आहेत, किंवा कुणी तरी घेतलेलं कनेक्शन परत केलेलं नाही. इथे पूल थ्रेडांइतका करायचा, नाही तर गळती शोधायची. या चुकेवर पूल नुसता मोठा केला की आठवड्याभरात पहिली चूक सुरू होते.

आणि एक गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते. एसक्यूएलअल्केमी पूलची वाट पाहते ती डिफॉल्टने ३० सेकंद. जावातलं हिकारीसीपीसुद्धा ३० सेकंद. हेरोकूचा राउटरही पहिल्या बाइटची वाट ३० सेकंदच पाहतो आणि मग एच१२ देतो. परिणाम असा, की वापरणाऱ्याला आणि लॉग वाचणाऱ्याला दिसतो फक्त एच१२, आणि खरी चूक त्याच क्षणी किंवा त्यानंतर उमटते. नोडच्या ‘पीजी’ पॅकेजमध्ये तर ‘कनेक्शनटाइमआउटमिलिस’ शून्य असतो, म्हणजे ते कायमच थांबून राहतं. ही मुदत पाच सेकंदांवर आणा. चूक कमी होणार नाही, पण ती स्वतःच्या नावानिशी लॉगमध्ये दिसेल. हा बदल कुठल्याही दुरुस्तीच्या आधी करावा.

कनेक्शनं कुणाकडे आहेत ते पाहणं

शांत वेळी ‘पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी’ या व्ह्यूमधून ‘अ‍ॅप्लिकेशन_नेम’ आणि ‘स्टेट’ या दोन रकान्यांवर गट करून मोजणी काढा. डिफॉल्ट अवस्थेत ओळींच्या नावात डायनो दिसत नाही, त्यामुळे फार काही कळत नाही. प्रोकफाइलमधल्या (कुठल्या डायनोत कुठली कमांड चालवायची ते सांगणारी फाइल) प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘पीजीअ‍ॅपनेम’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘डायनो’ या व्हेरिएबलची किंमत द्या. हेरोकू ते व्हेरिएबल स्वतःच भरतो, आणि लिबपीक्यूवर (पोस्टग्रेसची मूळ सी लायब्ररी) बसलेल्या लायब्ररी, तशीच नोडची ‘पीजी’, हे नाव पोस्टग्रेसला कळवतात. पुढच्या डिप्लॉयनंतर व्ह्यूमध्ये ‘वेब.१’, ‘वेब.२’, ‘वर्कर.१’ अशी नावं दिसू लागतात. जावात हे व्हेरिएबल वाचलं जात नाही, जेडीबीसी यूआरएलमध्ये ‘अ‍ॅप्लिकेशननेम’ द्यावं लागतं.

‘आयडल’ अवस्थेतली कनेक्शनं ही पूलमध्ये निवांत पडलेली. ती चूक नव्हे, पण मोजणीत धरायची. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ मात्र दोन-चारपेक्षा जास्त दिसली तर तिथे थांबा, त्याबद्दल पुढे येतं.

स्टँडर्ड आणि त्यावरच्या प्लॅनमध्ये लॉगमध्ये ‘सॅम्पल#अ‍ॅक्टिव्ह-कनेक्शन्स’ हा आकडा नियमित येतो. नावात ‘अ‍ॅक्टिव्ह’ असलं तरी त्यात निवांत कनेक्शनंही मोजलेली असतात, म्हणून आपल्या कामासाठी तोच आकडा योग्य. त्याचा आलेख डिप्लॉयच्या वेळांशी जुळवून पाहिला की बहुतेक वेळा वाद तिथेच मिटतो.

हिशेब

एका वेब डायनोला लागणारी कनेक्शनं म्हणजे त्यातल्या प्रोसेसची संख्या गुणिले प्रत्येक प्रोसेसचा पूल. पूल प्रत्येक प्रोसेसचा वेगळा असतो. ‘डेटाबेस.वायएमएल’मध्ये ५ लिहिलं म्हणजे अख्ख्या अ‍ॅपला ५ असा अर्थ होत नाही, आणि गैरसमज होतो तो नेमका इथेच.

एक नेहमीची मांडणी घेऊ. रेल्स, वेब सर्व्हर प्यूमा, ‘वेब_कॉन्करन्सी’ (म्हणजे प्रोसेस) २, प्रत्येकी थ्रेड ५. म्हणजे एका डायनोला १०. सहा वेब डायनोंचे ६०. दोन वर्कर डायनो, त्यात रांगेतली कामं करणाऱ्या साइडकिकची कॉन्करन्सी (म्हणजे थ्रेड) १०, त्यांचे २०. शेड्युलर, रिलीज फेज (डिप्लॉयच्या वेळी मायग्रेशन चालवणारा टप्पा) आणि कुणाचा तरी उघडा कन्सोल मिळून ५ धरा. एकूण ८५. मर्यादा १२०. कागदावर छान बसतं.

आता प्रीबूट चालू करा. प्रीबूटमध्ये नवे वेब डायनो आधी उभे राहतात, साधारण तीन मिनिटांनी रहदारी त्यांच्याकडे वळते, आणि मग जुने बंद होतात. त्या खिडकीत वेबचे ६० नसतात, १२० असू शकतात. वर्करचे २० आणि इतर ५ मिळवले की १४५. वर्करला प्रीबूट लागू नाही, म्हणून ते दुप्पट धरायचे नाहीत. कोडची एकही ओळ न बदलता, फक्त कॉन्फिग व्हेरिएबल बदललं तरी नवीन रिलीज होते आणि हाच प्रकार घडतो.

लायब्ररीप्रमाणे याचा नूर बदलतो. रेल्सचा पूल गरज पडेल तशी कनेक्शनं उघडतो, त्यामुळे नवे डायनो उभे राहताना काही बिघडत नाही. रहदारी वळली की त्या क्षणी ते भराभर उघडू लागतात, आणि जुन्यांनी अजून सोडलेली नसतात. म्हणून रेल्समध्ये चुका डिप्लॉयनंतर तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला येतात, आणि तोवर डिप्लॉय करणारा निश्चिंत होऊन उठून गेलेला असतो. हिकारीसीपी उलट वागतं. त्याचं किमान आणि कमाल डिफॉल्टने सारखंच, १० असतं, म्हणजे एकही रिक्वेस्ट यायच्या आधी पूर्ण पूल भरून घेतला जातो. जावात चुका पहिल्याच मिनिटात दिसतात. जँगोत ‘कॉन_मॅक्स_एज’ शून्य असेल तर प्रत्येक रिक्वेस्टनंतर कनेक्शन बंद होतं. पण हेरोकूसाठीच्या बऱ्याच नमुना सेटिंगमध्ये ६०० लिहिलेलं असतं, आणि मग प्रत्येक थ्रेड आपलं कनेक्शन दहा मिनिटांपर्यंत धरून बसतो. एएसजीआयवर (पायथनचा असिंक्रोनस सर्व्हर) चालवत असाल तर हा आकडा शून्यच ठेवा.

प्रीबूट असताना वेब डायनोंची सुरक्षित कमाल संख्या अशी काढा: मर्यादेतून वर्करचे वजा करा, राखीव १० वजा करा, आणि एका डायनोच्या कनेक्शनांच्या दुपटीने भागा. वरच्या उदाहरणात १२० वजा २० वजा १० म्हणजे ९०, भागिले २०, साडेचार. म्हणजे चार डायनो. सहावर नेणं हेच मुळात बसत नव्हतं.

दुरुस्ती: आधी थ्रेड, मग पूलर, प्लॅन शेवटी

थ्रेड ५ वरून ३ वर आणा, पूलही ३. सहा डायनोंचे ३६, दुप्पट ७२, अधिक २५, एकूण ९७. अडचण संपली, आणि एक रुपयाही लागला नाही. थ्रेड कमी केल्याने वेग पडेल ही भीती रुबीत बहुधा अनाठायी असते. एका प्रोसेसमध्ये एका वेळी एकच थ्रेड रुबीचं काम करू शकतो, आणि रेल्स ७.२ पासून प्यूमाचं डिफॉल्टही ५ वरून ३ वर आलं आहे. पायथनमध्ये गुनिकॉर्नचे वर्कर आणि थ्रेड असाच हिशेब. नोडमध्ये ‘पीजी’चा पूल डिफॉल्टने १० असतो. क्लस्टर करून एका डायनोत चार प्रोसेस चालवले तर ते ४० झाले, हे ध्यानात ठेवा.

वेब डायनोतले प्रोसेस वाढवून थ्रेड कमी करण्याचा मोह झाला तर स्मृतीकडे पाहा. स्टँडर्ड-१एक्सला ५१२ एमबी असतात. दोन मध्यम आकाराचे रेल्स प्रोसेस तिथे आर१४ (स्मृतीची मर्यादा ओलांडली) पर्यंत सहज पोचतात, आणि आर१४ म्हणजे स्वॅप, स्वॅप म्हणजे संथ क्वेरी नसतानाही संथ रिक्वेस्ट.

इतक्याने भागलं नाही तर कनेक्शन पूलर, म्हणजे मधे बसून थोडी कनेक्शनं अनेकांना वाटून देणारा प्रोग्राम. स्टँडर्ड आणि वरच्या प्लॅनवर ‘पीजी:कनेक्शन-पूलिंग:अटॅच’ केलं की हेरोकू डेटाबेसशेजारी पीजीबाउन्सर देतो आणि त्याचा वेगळा यूआरएल कॉन्फिगमध्ये येतो. तो पूलर प्लॅनच्या मर्यादेच्या ७५ टक्क्यांपर्यंत कनेक्शनं उघडू शकतो. स्टँडर्ड-० वर म्हणजे ९०, थेट जोडणीसाठी ३० उरतात. वरच्या उदाहरणात वेबला पूलरवर टाका, साइडकिकचे २० आणि इतर ५ थेट ठेवा, हिशेब जुळतो. बिल्डपॅकमधून डायनोच्या आत चालणारा पीजीबाउन्सर वेगळा. तो त्या एकाच डायनोतले प्रोसेस एकत्र करतो. डायनो वाढले की बाउन्सरही वाढतात, म्हणून आपल्या अडचणीवर त्याचा उपयोग मर्यादित.

पूलर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये चालतो, म्हणजे ट्रान्झॅक्शन संपलं की ते कनेक्शन दुसऱ्या कुणाला दिलं जातं. सेशनवर विसंबलेलं सगळं यात मोडतं: ‘सेट’ने बदललेल्या किमती, ‘लिसन’, सेशन पातळीचे अ‍ॅडव्हायझरी लॉक, टेंपररी टेबल. रेल्सची मायग्रेशन अ‍ॅडव्हायझरी लॉक घेतात, म्हणून रिलीज फेजला थेट यूआरएलच द्या. प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा पाठिंबा पीजीबाउन्सरला १.२१ या आवृत्तीपासून, २०२३ मध्ये मिळाला, आणि तोही सेटिंग चालू असेल तर. खात्री नसेल तोवर ‘डेटाबेस.वायएमएल’मध्ये ‘प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स’ बंद ठेवा, नाही तर ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट डज नॉट एक्झिस्ट’ ही चूक तुरळक, पकडता न येणाऱ्या वेळी येत राहते.

जुने डायनो कनेक्शन सोडत नसतील तर

डायनो बंद करताना हेरोकू सिगटर्म (आवरून बंद व्हा) पाठवतो आणि ३० सेकंदांनी सिगकिल (जबरदस्तीने बंद). प्यूमा आणि गुनिकॉर्न सिगटर्म ऐकून नीट आवरतात, पण त्यांच्यापर्यंत तो पोचायला हवा. प्रोकफाइलमध्ये शेल स्क्रिप्ट असेल तर तिच्या शेवटच्या ओळीत ‘एक्झेक’ लिहा, म्हणजे मधे शेल उरत नाही. नोडमध्ये ‘एनपीएम स्टार्ट’ऐवजी थेट ‘नोड’ आणि फाइलचं नाव लिहा. लॉगमध्ये आर१२ दिसत असेल तर प्रोसेस त्या ३० सेकंदांत बंद झालेली नाही.

डायनो मेला तरी त्याने सुरू केलेली लांब क्वेरी डेटाबेसमध्ये चालूच राहू शकते. उत्तर परत पाठवायची वेळ येईपर्यंत समोर कुणी उरलं नाही हे पोस्टग्रेसला सहसा कळत नाही. एच१२ नंतरही तसंच: राउटरने नाद सोडला तरी डायनो ते काम पूर्ण करत बसतो आणि कनेक्शन धरून ठेवतो. म्हणून वेबसाठी ‘स्टेटमेंट_टाइमआउट’ १५ ते २० सेकंद ठेवा, राउटरच्या ३० च्या आत. रात्रीच्या अहवालांना जास्त वेळ लागतो, त्यांना वेगळं क्रेडेन्शियल आणि वेगळी मुदत द्या.

आता ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. जवळजवळ नेहमी कारण एकच असतं: ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बाहेरच्या सेवेला कॉल. ऑर्डर सेव्ह केली, त्याच ब्लॉकमध्ये पेमेंट गेटवेला विचारलं, ओटीपीचा एसएमएस पाठवला, आणि मग कमिट. गेटवे एरवी ३०० मिलिसेकंदांत उत्तर देतो तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. तो चार सेकंदांवर गेला की तेवढा वेळ कनेक्शन आणि ओळीवरचं लॉक दोन्ही अडकतं. असे कॉल कमिटनंतर करा, रेल्समध्ये ‘आफ्टर_कमिट’, जँगोत ‘ऑन_कमिट’. आणि ‘आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट’ १० सेकंद लावा. ही सोय पोस्टग्रेस ९.६ पासून आहे आणि डिफॉल्टने बंद असते.

आणखी दोन जागा तपासा. हेरोकू शेड्युलरवर दर दहा मिनिटांनी चालणारं काम बारा मिनिटं घेत असेल तर हेरोकू ते साधारण दहा मिनिटांनी बंद करतो, आणि पुढचं सुरू होताना दोन्ही थोडा वेळ एकत्र चालू शकतात. आणि अहवालांसाठी लावलेलं मेटाबेस: त्याचा प्रत्येक जोडलेल्या डेटाबेससाठीचा पूल डिफॉल्टने १५ असतो. त्याला फॉलोअर डेटाबेसवर (मूळ डेटाबेसची फक्त वाचायची प्रत) वळवा, तिथली मर्यादा वेगळी मोजली जाते.

प्रीलोड वापरून प्रोसेस फोर्क करणाऱ्या पायथन अ‍ॅपमध्ये ‘डिक्रिप्शन फेल्ड ऑर बॅड रेकॉर्ड मॅक’ अशी एसएसएलची चूक दिसली तर ती कनेक्शन संपल्याची नव्हे. फोर्क होण्याआधी उघडलेलं एकच सॉकेट दोन प्रोसेस वापरत आहेत. फोर्कनंतर एंजिन नव्याने तयार करा.

डेटाबेस मुंबईत, डायनो अमेरिकेत

महाराष्ट्रातल्या वापरकर्त्यांसाठीच्या अ‍ॅपमध्ये ही मांडणी वारंवार दिसते. डेटा जवळ हवा म्हणून अ‍ॅमेझॉन आरडीएस मुंबई रीजनमध्ये घेतलेला असतो. हेरोकूचा कॉमन रनटाइम मात्र अमेरिका आणि युरोप एवढाच. मुंबई मिळते ती प्रायव्हेट स्पेसमध्ये (वेगळं घ्यावं लागणारं खासगी नेटवर्क). व्हर्जिनिया ते मुंबई जाऊन येणं साधारण २०० मिलिसेकंदांचं. एका पानाला १५ क्वेरी लागत असतील तर केवळ प्रवासात तीन सेकंद गेले, आणि तेवढा वेळ कनेक्शन अडकलं. तेवढ्याच रहदारीला मग कितीतरी पट कनेक्शनं लागतात. इथे पूलचे आकडे हलवून काही हाती लागत नाही. डायनो आणि डेटाबेस एकाच रीजनमध्ये आणा. वापरणाऱ्यापासून दोन्ही दूर असले तरी प्रत्येक पानाला एकच लांबचा प्रवास पडतो.

ऑटोस्केलिंग

हेरोकूचं स्वतःचं ऑटोस्केलिंग परफॉर्मन्स आणि प्रायव्हेट डायनोंवर मिळतं आणि ते पी९५ प्रतिसादवेळ (९५ टक्के रिक्वेस्ट जेवढ्या वेळाच्या आत पूर्ण होतात तो) पाहतं. डेटाबेस संथ झाला की पी९५ वाढतो, ऑटोस्केलर डायनो वाढवतो, नवे डायनो आणखी कनेक्शनं मागतात, डेटाबेस आणखी अडतो. कमाल मर्यादेच्या रकान्यात अंदाजाने २० लिहू नका, वरच्या सूत्रातून आलेला आकडा लिहा. प्लॅन किंवा थ्रेड बदलले की तो आकडा परत काढायचा, आणि ही आठवण प्रोकफाइलमध्ये नको, डिप्लॉयच्या चेकलिस्टमध्ये असू द्या.

दुरुस्ती लागू पडली का?

रात्रीच्या शांत वेळी केलेल्या डिप्लॉयवरून काही ठरवू नका, तेव्हा पूल भरलेलेच नसतात. दिवसातल्या गर्दीच्या वेळी, कोड न बदलता, एखादं निरुपयोगी कॉन्फिग व्हेरिएबल बदलून रिलीज करा. त्या दरम्यान पाच मिनिटं, दर दहा सेकंदांनी ‘पीजी:इन्फो’ पाहा. सर्वांत वरचा आकडा साधारण मर्यादेच्या ८० टक्क्यांपर्यंत राहिला पाहिजे, १२० ला ९६-९७. त्याच्या वर जात असेल तर ‘अ‍ॅप्लिकेशन_नेम’प्रमाणे मोजणी परत काढा. त्यात हिशेबात न धरलेलं एखादं नाव सापडतं, बहुतेक वेळा कुणाच्या तरी लॅपटॉपवरून प्रॉडक्शनच्या यूआरएलला जोडलेलं डीबीव्हर (डेटाबेस पाहायचं साधन). आणि नावं सगळी ओळखीची असून आकडा जास्त असेल, तरच मोठा प्लॅन घ्या.